मंगळाच्या जमिनीवरून आकाशदर्शन: रोव्हरच्या कॅमेऱ्याला रात्री काय दिसते?

निशाचर (धागालेखक)

मार्च २००५ मध्ये मंगळावरच्या गुसेव्ह विवरात वाऱ्याने, बहुधा एखाद्या वावटळीने, स्पिरिट रोव्हरच्या सौरपट्ट्यांवरची धूळ झाडून नेली. वर्षभर धूळ साचत गेल्यामुळे पट्ट्यांची क्षमता सुमारे ६० टक्क्यांवर उतरली होती, ती या एका घटनेने ९० टक्क्यांच्या पुढे गेली. पुढे मंगळाच्या दक्षिण गोलार्धात उन्हाळा आला, सूर्य डोक्यावर आला आणि दिवसभराची कामे उरकूनही वीज शिल्लक राहू लागली. मंगळावर रात्री कॅमेरा वापरायचा म्हणजे गोठवणाऱ्या थंडीत आधी यंत्रणेला ऊब द्यावी लागते, आणि ती ऊब बॅटरीतूनच येते. त्यामुळे शिल्लक राहिलेल्या विजेचे काय करायचे, हा तिथल्या चमूपुढचा खरोखरचा प्रश्न होता. त्यांनी ती आकाश पाहण्यासाठी वापरायचे ठरवले. स्पिरिट तेव्हा हजबंड टेकडीच्या माथ्यावर पोहोचलेला होता. ऑगस्ट २००५ च्या अखेरीस त्याने तिथून फोबोस आणि डिमोस हे दोन्ही चंद्र धनु राशीच्या ताऱ्यांसमोरून सरकताना टिपले.

हा धागा काढण्याचे कारण असे की ‘मंगळावरून दिसणारे आकाश’ या नावाखाली आकाशगंगेची झगमगीत चित्रे सर्वत्र फिरत असतात आणि त्यांतली बहुतेक संगणकावर रचलेली असतात. खरी चित्रे पाहिली तर प्रथम निराशा होते. काळ्या-करड्या, खरखरीत चौकटीत काही ठिपके असतात आणि त्यांतले निम्मे ठिपके तारेच नसतात. मला मात्र ही खरी चित्रे फार मोलाची वाटतात. दगड आणि माती पाहण्यासाठी बनवलेला कॅमेरा आकाशाकडे वळवून त्यातून काही मोजता येणे आणि जे मोजले त्याची खात्री देता येणे, हे खगोलशास्त्राचे मूळ काम आहे. ते दुसऱ्या ग्रहाच्या जमिनीवर उभे राहून झालेले आहे.

कॅमेऱ्याची कुवत आधी नीट समजून घेतली पाहिजे. स्पिरिट आणि त्याचा जुळा रोव्हर ऑपर्च्युनिटी यांच्या मस्तकावरचा पॅनकॅम हा कॅमेरा १०२४ गुणिले १०२४ पिक्सेलचा होता आणि त्याच्या चौकटीत आकाशाचा साधारण १६ अंशांचा चौकोन मावत असे. म्हणजे एका पिक्सेलच्या वाट्याला सुमारे ५६ विकला येतात (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग). मंगळ स्वतःभोवती २४ तास ३७ मिनिटांत एक फेरी पूर्ण करतो, त्यामुळे तिथले आकाश दर सेकंदाला साधारण साडेचौदा विकला सरकते. याचा अर्थ चार सेकंदांत तारा एक पिक्सेल ओलांडतो आणि एका मिनिटाच्या एक्सपोजरमध्ये (कॅमेरा तितका वेळ उघडा ठेवला तर) त्याची पंधरा पिक्सेलची रेघ उमटते. रोव्हरच्या मानेला तारा धरून ठेवणारी मोटर नाही. त्यामुळे एक्सपोजर वाढवला तर अंधूक तारे मिळतात पण रेघा पडतात, आणि कमी ठेवला तर ताऱ्यांचे ठिपके राहतात पण ते थोडे असतात. फोबोस डोक्यावर असला तर पॅनकॅममध्ये त्याचा लांब व्यास सुमारे तेरा पिक्सेलचा भरतो, म्हणजे त्याचा वेडावाकडा आकार कळतो. डिमोस मात्र दोन-तीन पिक्सेलच्या पलीकडे जात नाही.

ज्यांनी ही चित्रे पाहिली असतील किंवा त्यांवर काम केले असेल, त्यांनी येथे जरूर लिहावे.

शर्वरी

लेख फार आवडला. माझे दोन प्रश्न आहेत. मंगळावरून तारकासमूह वेगळे दिसतात का? आणि तिथली हवा आपल्या हवेच्या एक टक्क्याहूनही विरळ असताना तारे पृथ्वीपेक्षा कितीतरी अधिक दिसायला हवेत, मग चित्रांत इतके थोडे का दिसतात?

निशाचर

शर्वरीताई, पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. तारकासमूह तेच दिसतात. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा प्रॉक्झिमा सव्वाचार प्रकाशवर्षांवर आहे आणि मंगळाच्या कक्षेत कुठेही उभे राहिले तरी त्याची जागा एक-सव्वा विकलेपेक्षा अधिक हलत नाही. वर दिलेल्या हिशेबाने हे पॅनकॅमच्या पिक्सेलच्या चाळिसाव्या भागाइतके सुद्धा नाही. एप्रिल २०२० मध्ये न्यू होरायझन्स यानाने सुमारे ७०० कोटी किलोमीटरवरून प्रॉक्झिमा आणि वुल्फ ३५९ या जवळच्या ताऱ्यांची छायाचित्रे घेतली, तेव्हा कुठे जागेतला फरक पृथ्वीवरच्या छायाचित्राशेजारी ठेवून डोळ्यांना दिसला. मंगळावरचा मृग हा आपलाच मृग आहे, व्याध तिथेही सर्वांत तेजस्वी तारा आहे.

दुसऱ्या प्रश्नात मात्र खरी मेख आहे. हवा विरळ आहे, पण तिच्यात धूळ आहे, आणि ती धूळ इतकी बारीक आहे की खाली बसायचे नाव घेत नाही. रोव्हरच्या कामात धुळीची अपारदर्शकता ‘टाऊ’ या आकड्याने सांगतात. टाऊ ०.५ असेल, आणि हे तिथले चांगले हवामान समजले जाते, तर डोक्यावरच्या ताऱ्याचा सुमारे ६१ टक्के प्रकाश जमिनीपर्यंत पोहोचतो, म्हणजे तारा साधारण अर्ध्या प्रतीने (प्रत हे ताऱ्यांच्या तेजाचे माप) मंद होतो. तोच तारा क्षितिजापासून ३० अंशांवर आला की प्रकाशाला दुप्पट हवा पार करावी लागते आणि ३७ टक्केच उरतो. क्षितिजाजवळच्या दहा-पंधरा अंशांच्या पट्ट्यात तर फारसे काही हाती लागत नाही. जून २०१८ च्या जागतिक धुळीच्या वादळात ऑपर्च्युनिटीने टाऊ १०.८ इतका मोजला होता. तेव्हा भर दुपारी अंधारले, पट्ट्यांना वीज मिळेना, आणि १० जूननंतर त्या रोव्हरकडून पुन्हा काही कळले नाही.

शिवाय उंचावरची धूळ सूर्यास्तानंतरही दीर्घकाळ प्रकाश पसरवत राहते, त्यामुळे संधिप्रकाश रेंगाळतो आणि तो निळसर असतो. आकाश पुरेसे काळे होण्यासाठी रोव्हरला बराच वेळ थांबावे लागते, आणि त्या थांबण्याचा खर्चसुद्धा बॅटरीवरच पडतो.

सह्यकडा

या विषयात आपल्याकडच्या निरीक्षकांसाठी एक विलक्षण योगायोग आहे. पर्सिव्हरन्स रोव्हर १८ फेब्रुवारी २०२१ रोजी ज्या जेझेरो विवरात उतरला त्याचे अक्षांश साधारण साडेअठरा अंश उत्तर आहेत, आणि पुण्याचे अक्षांशही साडेअठरा अंश उत्तरच आहेत. म्हणजे पुण्यात ध्रुवतारा क्षितिजापासून जितका वर दिसतो, तितक्याच उंचीवर जेझेरोतही आकाशाचा उत्तर ध्रुव असतो.

तिथे पाहिल्यावर मात्र ध्रुव सापडत नाही. मंगळाचा आस वेगळ्या दिशेला कललेला आहे. तो हंस आणि वृषपर्वा या तारकासमूहांच्या सीमेजवळ रोखलेला आहे आणि त्या जागी ठळक तारा नाही. त्यातल्या त्यात जवळचा म्हणावा असा तेजस्वी तारा म्हणजे हंसाच्या शेपटीतला डेनेब, तोही सुमारे नऊ अंश बाजूला. आपला ध्रुव मंगळाच्या उत्तर ध्रुवबिंदूपासून ३७ अंश दूर पडतो. त्यामुळे जेझेरोत तो ईशान्येकडे उगवतो, उत्तरेला साधारण ५५ अंशांपर्यंत चढतो आणि वायव्येकडे मावळतो. अढळपद मिळालेला तारा दुसऱ्या ग्रहावर इतर कोणत्याही ताऱ्यासारखा उगवतो आणि मावळतो, हे गणित मी कागदावर मांडले तेव्हा बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिलो.

दक्षिणेकडे परिस्थिती बरी आहे. तिथे अगस्त्याच्या परिसरातल्या व्हेला तारकासमूहातला कप्पा हा दुसऱ्या-तिसऱ्या प्रतीचा तारा ध्रुवबिंदूपासून सुमारे तीन अंशांवर आहे, म्हणजे त्याला मंगळाचा दक्षिण ध्रुवतारा म्हणायला हरकत नाही. स्पिरिटचे गुसेव्ह विवर साडेचौदा अंश दक्षिणेला असल्यामुळे त्याला तो कायम क्षितिजावर असे. जेझेरोतून तो कधीच दिसत नाही.

ज्यांना हे स्वतः पाहायचे असेल त्यांनी स्टेलेरियम या मोफत प्रणालीत स्थान बदलून मंगळ निवडावा, अक्षांश-रेखांश भरावेत आणि वेळ पुढे सरकवावी. हंसाभोवती सगळे आकाश फिरताना दिसते.

मघा

मी हौशी छायाचित्रकार आहे आणि मला १ मार्च २०२५ च्या पहाटे पर्सिव्हरन्सने घेतलेल्या डिमोसच्या चित्राविषयी लिहायचे आहे, कारण त्यात तंत्राची सगळी कथा एका जागी सापडते. त्या चित्रात डिमोस हा ठळक ठिपका आहे आणि शेजारी सिंह राशीतले मघा आणि अल्जीबा हे दोन तारे आहेत. स्थानिक वेळ पहाटे साडेचारच्या सुमाराची होती. चित्र मस्तकावरच्या डाव्या नॅव्हकॅमने घेतले आहे. हा कॅमेरा रोव्हरला वाट दाखवण्यासाठी आहे, त्याचे भिंग रुंद कोनाचे आहे आणि त्याला जास्तीत जास्त ३.२८ सेकंदांचा एक्सपोजर देता येतो.

म्हणून त्यांनी तशा सोळा चौकटी एकामागून एक घेतल्या आणि रोव्हरवरच एकमेकींत मिळवल्या. एकूण प्रकाश जमला तो सुमारे ५२ सेकंदांचा. निशाचर यांचा हिशेब इथे लावून पाहा. ३.२८ सेकंदांत तारा सुमारे ४८ विकला सरकतो आणि नॅव्हकॅमचा पिक्सेल ६८ विकलांचा आहे, म्हणून एकेका चौकटीत रेघ पडत नाही. सोळा चौकटींच्या मिळून तारे थोडे लांबट होतात, पण अंधूक प्रकाश मात्र साठत जातो. आपण येथे साध्या तिपाईवर कॅमेरा लावून अनेक चौकटी घेतो आणि घरी संगणकावर त्या एकावर एक रचतो, ती पद्धत हीच.

चित्र मूळ आकारात उघडून पाहिले की सगळीकडे पांढरे कण विखुरलेले दिसतात. ते तारे नाहीत. त्यातले बरेचसे संवेदकाचा नॉइज (त्याच्या स्वतःच्याच विजेतून उठलेल्या खोट्या खुणा) आहेत आणि काही वैश्विक किरणांचे आघात असण्याची शक्यता आहे. डिमोससुद्धा त्यात वाटाण्याएवढाच दिसतो. पण मघा ओळखता आली आणि तिच्यापासून अल्जीबाचे अंतर व दिशा जुळली, की बाकी सगळ्या कणांच्या गर्दीत ते दोन ठिपके ताऱ्यांचे आहेत हे निश्चित होते.

परखड

मी या विषयातला जाणकार नाही, पण एक शंका मांडतो आणि ती गंभीरपणे मांडतो आहे. या रोव्हरांवर अब्जावधी डॉलर खर्च झाले आहेत आणि त्यांचा प्रत्येक दिवस मोलाचा आहे. पृथ्वीभोवती हबलसारखी दुर्बीण फिरत असताना वाट शोधायच्या कॅमेऱ्याने मघा नक्षत्राचा ठिपका टिपून विज्ञानाच्या पदरात काय पडते? लोकांना आनंद देण्यासाठी केले असेल तर तसे सांगावे, त्यातही गैर काही नाही.

निशाचर

परखड, शंका रास्त आहे. ताऱ्यांविषयी या चित्रांतून नवे काहीही कळत नाही, हे आधीच मान्य करतो. तारे इथे मोजपट्टीचे काम करतात. ताऱ्याची जागा आणि तेज आपल्याला अचूक माहीत असते, त्यामुळे त्याच्या शेजारी दिसणाऱ्या वस्तूची जागा त्यावरून काढता येते, आणि तारा जितका मंद झालेला दिसतो त्यावरून रात्रीच्या हवेत धूळ किंवा ढग किती आहेत हे समजते. दिवसाची धूळ सूर्याकडे पाहून मोजता येते, पण रात्रीसाठी ताऱ्यांवाचून गत्यंतर नाही.

खरी मिळकत फोबोसची आहे. १८७७ च्या ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनच्या नौदल वेधशाळेतून असाफ हॉल यांनी दोन्ही चंद्र शोधले. फोबोस मंगळाच्या पृष्ठभागापासून फक्त ६,००० किलोमीटरवरून फिरतो आणि ७ तास ३९ मिनिटांत एक फेरी पुरी करतो. मंगळाच्या स्वतःच्या फिरण्यापेक्षा तो वेगवान असल्यामुळे तिथे पश्चिमेला उगवतो आणि पूर्वेला मावळतो, आणि असे दिवसातून दोनदा घडते. मंगळाच्या भरती-ओहोटीच्या ओढीमुळे त्याची कक्षा शतकाला सुमारे १.८ मीटर इतकी आत येते आहे आणि काही कोटी वर्षांत तो फुटून त्याचे कडे तरी होईल किंवा तो मंगळावर कोसळेल. तो किती वेगाने आत येतो हे कळले तर मंगळाच्या पोटातला खडक किती ताठ आणि किती लवचिक आहे, याचा अंदाज येतो. त्यासाठी फोबोस कोणत्या क्षणी नेमका कुठे होता, याच्या अनेक वर्षांच्या नोंदी लागतात.

त्या नोंदी सर्वांत सोप्या पद्धतीने मिळतात त्या ग्रहणांतून. फोबोस सूर्यबिंबावरून जाताना सूर्य पुरता झाकू शकत नाही, कारण तो फार तर १२ कलांचा (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) दिसतो आणि मंगळावरून सूर्य सरासरी २१ कलांचा असतो. अर्ध्या मिनिटात सगळे आटोपते. २००४ मध्येच दोन्ही रोव्हरनी अशी ग्रहणे टिपली आणि दोन्ही चंद्र तेव्हाच्या गणितापेक्षा किलोमीटरांच्या हिशेबात पुढे-मागे असल्याचे आढळले. २० ऑगस्ट २०१३ रोजी क्युरिऑसिटी या रोव्हरने टिपलेल्या कंकणाकृती ग्रहणात फोबोस अपेक्षेपेक्षा दोन-तीन किलोमीटर सूर्याच्या मध्याजवळून गेला. एप्रिल २०२२ मध्ये पर्सिव्हरन्सने असेच ग्रहण चलचित्रासारखे नोंदवले आणि त्यात फोबोसची खडबडीत कडासुद्धा दिसते. दुसऱ्या ग्रहाच्या चंद्राचा वेध दोन-तीन किलोमीटरच्या अचूकतेने जमिनीवरून घेता येत असेल, तर त्यासाठी दिलेला अर्धा मिनिट मला वाया गेलेला वाटत नाही.

परखड

हे पटले. धूळ मोजण्यासाठी तारे वापरतात, हे मला माहीत नव्हते.

उल्का

या धाग्यात एका प्रकरणाचा उल्लेख झालाच पाहिजे असे मला वाटते, कारण निशाचर यांनी ‘निम्मे ठिपके तारेच नसतात’ असे लिहिले आहे आणि त्या वाक्याची सर्वांत चांगली परीक्षा त्या प्रकरणात झाली.

मार्च २००४ मध्ये स्पिरिटने घेतलेल्या एका चित्रात आकाशात एक सरळ तेजस्वी रेघ उमटली. ती काय असावी याविषयी बरीच चर्चा झाली. मंगळाभोवती फिरणाऱ्या एखाद्या यानाची ती वाट असावी का, हेही तपासले गेले. जून २००५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात एक शोधनिबंध आला आणि त्यात असे मांडले गेले की ती उल्का असावी. त्यामागचा तर्क भक्कम होता. वायझमन-स्किफ या धूमकेतूच्या कक्षेजवळून मंगळ त्याच सुमारास जात होता आणि रेघेची दिशा त्या धूमकेतूच्या धुळीच्या दिशेशी जुळत होती. दुसऱ्या ग्रहावरून टिपलेली पहिली उल्का म्हणून ती बातमी जगभर गेली.

त्यानंतर हजबंड टेकडीवरच्या त्या रात्री आल्या. स्पिरिटच्या चमूने उल्का मुद्दाम शोधण्यासाठी कॅमेरा लावला, आणि ज्या काळात उल्कावर्षाव अपेक्षित होता त्या काळातही लावला. चित्रांत रेघा भरपूर मिळाल्या. त्या सगळ्यांची शहानिशा झाल्यावर २००७ मध्ये जो निबंध आला त्याचा निष्कर्ष असा होता की एकही रेघ खात्रीने उल्का म्हणता येत नाही आणि बहुतेक सगळ्या वैश्विक किरणांच्या आघाताशी जुळतात. २००४ ची ती प्रसिद्ध रेघही त्याच प्रकारची असणे शक्य आहे, असे त्यात म्हटले होते.

वैश्विक किरण म्हणजे दूरवरून येणारे अतिवेगवान कण. पृथ्वीवर जाड वातावरण आणि चुंबकीय क्षेत्र त्यांना बरेचसे अडवते. मंगळावर हे दोन्ही संरक्षण नाही. असा कण संवेदकाच्या चकतीला तिरपा भेदून गेला की त्याच्या वाटेतल्या पिक्सेलमध्ये विद्युतभार साठतो आणि चित्रात उल्केसारखीच दिसणारी रेघ राहते. भिंगाचा त्याच्याशी काही संबंध नसतो. झाकण लावून घेतलेल्या चित्रातही तशी रेघ येऊ शकते. म्हणून रेघेच्या दोन्ही टोकांचा आकार पाहावा लागतो. ताऱ्याचा ठिपका भिंगामुळे थोडा पसरतो, उल्केची रेघ तशीच पसरट असायला हवी. वैश्विक किरणाची रेघ बहुधा धारदार असते, कारण तो प्रकाश भिंगातून आलेलाच नसतो. दोन डोळ्यांच्या कॅमेऱ्याने एकाच वेळी चित्र घेतले असेल तर प्रश्न चटकन सुटतो, कारण खरी उल्का दोन्ही चित्रांत दिसेल आणि कण एकाच चकतीला लागेल.

मला या प्रकरणात दोन्ही निबंधांविषयी आदर वाटतो. पहिल्यांनी हाती असलेल्या एका चित्रावरून जितके नीट म्हणता येईल तितके म्हटले, आणि दुसऱ्यांनी अनेक रात्री जागून ते तपासले.

शर्वरी

उल्का, मग मंगळावर उल्का पडतच नाहीत असे म्हणायचे का?

उल्का

पडतात, नक्कीच पडतात. १९ ऑक्टोबर २०१४ रोजी सायडिंग स्प्रिंग हा धूमकेतू मंगळापासून सुमारे १,४०,००० किलोमीटरवरून गेला, म्हणजे पृथ्वी आणि चंद्र यांच्या अंतराच्या निम्म्याहूनही जवळून. त्याची धूळ मंगळाच्या वातावरणात शिरली आणि मेव्हन या कक्षेतल्या यानाने मॅग्नेशियम, लोह आणि सोडियम यांचा अचानक वाढलेला थर नोंदवला. जमिनीवर उभे राहून तो वर्षाव पाहता आला असता तर तो विलक्षण ठरला असता. मंगळयान तेव्हा नुकतेच, २४ सप्टेंबर रोजी, कक्षेत पोहोचलेले होते. धूमकेतूच्या धुळीपासून वाचावे म्हणून इस्रोने त्याची कक्षा अशी बदलली की त्या तासांत ते मंगळाच्या आडोशाला राहील. ऑपर्च्युनिटीने मात्र जमिनीवरून त्या धूमकेतूचे चित्र मिळवले. दुसऱ्या ग्रहाच्या जमिनीवरून टिपलेला तो पहिला धूमकेतू. ऑक्टोबर २०२५ मध्ये सूर्यमालेबाहेरून आलेला थ्री-आय ॲटलास मंगळापासून सुमारे ३ कोटी किलोमीटरवरून गेला, तेव्हा पर्सिव्हरन्सनेही एक पुसटसा डाग टिपला होता.

सह्यकडा

पृथ्वीविषयी अजून कोणीच लिहिलेले नाही, म्हणून लिहितो. ८ मार्च २००४ च्या पहाटे, सूर्योदयाच्या साधारण तासभर आधी, स्पिरिटने पृथ्वीचे चित्र घेतले. चंद्राच्या पलीकडच्या कोणत्याही ग्रहाच्या जमिनीवरून पृथ्वी प्रथमच टिपली गेली. मंगळासाठी पृथ्वी हा आतला ग्रह आहे, त्यामुळे आपल्याला शुक्र दिसतो तशी ती तिथे पहाटे किंवा संध्याकाळीच दिसते, मध्यरात्री कधीच दिसत नाही.

मला अधिक प्रिय आहे ते ३१ जानेवारी २०१४ चे क्युरिऑसिटीचे चित्र. सूर्यास्तानंतर सुमारे ८० मिनिटांनी घेतलेल्या त्या चित्रात पृथ्वी आणि तिच्या खाली चंद्र असे दोन वेगळे ठिपके दिसतात. पृथ्वी तेव्हा सुमारे १६ कोटी किलोमीटर दूर होती. त्या अंतरावरून तिचा व्यास साधारण १६ विकलांचा भरतो आणि रोव्हरच्या मास्टकॅम या कॅमेऱ्याच्या १०० मिलिमीटर भिंगाचा एक पिक्सेल १५ विकलांचा आहे. म्हणजे आख्खी पृथ्वी साधारण एका पिक्सेलएवढी भरते. तिथे उभ्या असलेल्या माणसाला नुसत्या डोळ्यांनी हे दोन्ही ठिपके स्पष्ट वेगळे दिसले असते. दोघांतले अंतर जास्तीत जास्त आठ कलांपर्यंत जाऊ शकले असते आणि त्याहून कितीतरी कमी अंतर डोळ्यांना वेगळे करता येते. ५ जून २०२० रोजी त्याच रोव्हरने एका संध्याकाळी पृथ्वी आणि शुक्र दोन्ही टिपले. त्या चित्रांत धूळ इतकी होती की दोन्ही ग्रह मंद ठिपक्यांसारखे आले आहेत.

क्युरिऑसिटीच्या खात्यात आणखी दोन वेध आहेत. २० एप्रिल २०१४ च्या रात्री त्याने सेरेस आणि व्हेस्टा एकाच चौकटीत पकडले, आणि मंगळाच्या जमिनीवरून लघुग्रह टिपण्याची ती पहिलीच वेळ होती. त्याच वर्षी ३ जूनला त्याने बुधाचे अधिक्रमण, म्हणजे सूर्यबिंबावरून सरकणारा बुध, पाहिले. पृथ्वी सोडून अन्य ग्रहावरून ग्रहाचे अधिक्रमण टिपले गेले ते तेव्हा प्रथम. बुध पिक्सेलच्या सहाव्या भागाएवढा होता, त्यामुळे तो ठिपका म्हणून उठून दिसत नाही. सूर्यबिंबावर गणिताने सांगितलेल्या वाटेवरून एक फिकट काळेपणा सरकतो, इतकेच दिसते.

मघा

अधिक्रमणांचा विषय निघालाच आहे तर पुढच्या तारखाही लिहून ठेवते. मंगळावरून शुक्राचे अधिक्रमण ऑगस्ट २०३० मध्ये दिसेल. पृथ्वीचे अधिक्रमण १० नोव्हेंबर २०८४ रोजी होईल आणि त्यात पृथ्वीपाठोपाठ चंद्रही सूर्यबिंबावरून जाईल. याआधीचे ११ मे १९८४ रोजी झाले, तेव्हा मंगळावर ते पाहू शकेल असे एकही चालते यंत्र नव्हते. व्हायकिंगचे दोन्ही तळ त्याआधीच बंद पडले होते.

आणि एक ताजी गोष्ट सांगते, तिच्याविषयी मी सध्या वाचते आहे. १५ मार्च २०२४ रोजी सूर्यावर मोठा उद्रेक झाला. त्यातला भारित कणांचा लोट मंगळाकडे निघालेला आहे, हे आधी कळले होते आणि चमूने आधीच योजना करून १८ मार्चच्या रात्री पर्सिव्हरन्सची सुपरकॅम आणि मास्टकॅम-झेड ही उपकरणे आकाशाकडे रोखून ठेवली. सुपरकॅमला ५५७.७ नॅनोमीटर तरंगलांबीची रेषा मिळाली. ऑक्सिजनचा हा हिरवा प्रकाश पृथ्वीवरच्या ध्रुवीय प्रकाशातही असतो. मास्टकॅम-झेडच्या चित्रात तेच हिरवेपण सगळ्या आकाशात मंद पसरलेले दिसते. दुसऱ्या ग्रहाच्या जमिनीवरून दृश्य प्रकाशात ध्रुवीय प्रकाश टिपला गेला तो याच वेळी पहिल्यांदा. ओस्लो विद्यापीठातल्या एलिसे क्नुटसेन यांच्या नेतृत्वाखालचा निबंध मे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. मंगळाला आज संपूर्ण ग्रहाभोवतीचे चुंबकीय क्षेत्र नसल्यामुळे हा प्रकाश ध्रुवांजवळ अडकून राहत नाही, जेझेरोसारख्या विषुववृत्ताजवळच्या विवरातूनही दिसतो. पुण्याच्या अक्षांशावर ध्रुवीय प्रकाश, असे म्हणायला हरकत नाही.

निशाचर

मघाताई, हा मुद्दा मी मूळ लेखात घ्यायला हवा होता, तुम्ही तो फार चांगला मांडलात.

ज्यांना स्वतः शोध घ्यायचा असेल त्यांच्यासाठी काही सूचना लिहितो. क्युरिऑसिटी आणि पर्सिव्हरन्स यांची कच्ची चित्रे नासाच्या संकेतस्थळावर लवकरच खुली होतात आणि ती कोणालाही पाहता येतात. प्रत्येक चित्रासोबत मंगळाचा दिवस, म्हणजे सोल, आणि स्थानिक वेळ दिलेली असते. सूर्यास्तानंतरच्या किंवा पहाटेच्या वेळा निवडाव्यात आणि एकाच रोखाने ओळीने घेतलेल्या चौकटी शोधाव्यात, कारण एकट्या चौकटीवरून काहीही ठरवता येत नाही. नंतर स्टेलेरियममध्ये तो सोल आणि ती वेळ पृथ्वीच्या तारखेत बदलून भरावी आणि त्या दिशेला कोणते तारे असायला हवेत ते पाहावे. दोन चौकटी एकाआड एक उघडून पाहिल्या की तारे एकाच दिशेने आणि सारख्याच अंतराने सरकलेले दिसतात, वैश्विक किरणांच्या खुणा दुसऱ्या चौकटीत नाहीशा होतात आणि संवेदकातले बिघडलेले पिक्सेल जिथल्या तिथे राहतात. सर्व ठिपक्यांबरोबर न सरकणारा, पण दोन्ही चौकटींत असलेला आणि स्वतःच्या वेगळ्या चालीने जाणारा एखादा ठिपका मिळाला, तर तो आधी फोबोस किंवा डिमोसशी पडताळून पाहावा. ज्यांना अशी चौकट सापडेल त्यांनी तिचा सोल क्रमांक आणि वेळ येथे लिहावी, म्हणजे आपण सर्वजण मिळून तिच्यातले तारे ओळखू.